डोळा लाल आहे, पण गळ्याखाली हात घालून बघितलंत का?

मागच्या अंकात गोचिडांवर लिहिताना एक ओळ लिहून गेलो होतो, की कुत्र्या-मांजराचा लाल डोळा कधीकधी पोटातल्या नाहीतर छातीतल्या कॅन्सरची पहिली खूण असते. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले की ह्या वेळचे सगळे प्रश्न त्याच्यावरचेच घेतलेत. नावं देत नाही, गाव तेवढं देतो. फोटोवरून मी निदान करत नाही हे परत सांगतो, फोटोवरून फक्त एवढं कळतं की दवाखान्यात आज जायचं का उद्या चालेल.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): डॉक्टर, नमस्कार. आमचा लॅब्रॅडॉर आहे ब्रुनो, ७ वर्षांचा. तीन आठवड्यांपूर्वी त्याचे दोन्ही डोळे लाल झाले, धूळ गेली असेल म्हणून मेडिकलमधून ड्रॉप आणून घातले, दोन-तीन दिवस बरं वाटलं मग परत लाल, आणि आता तर डोळ्यात दुधासारखं दिसायलंय. परवा दवाखान्यात नेला, डॉक्टर कन्नड बोलणारे, मला कन्नड येतं पण घाबरल्यावर अर्धं डोक्यात शिरलंच नाही, ते म्हणाले गड्डे आहे आणि 'कण्णिगे हरडिदे'. म्हणजे डोळ्याला पसरलंय. कॅन्सर डोळ्यात पसरतो होय? आणि डोळे काढून टाकले तर ब्रुनो वाचेल का? रिपोर्ट आणि ड्रॉपच्या बाटलीचा फोटो सोबत पाठवलाय.

उत्तर: दादा, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर जागी हात घातलाय. गड्डे म्हणजे गाठ, आणि रिपोर्टमध्ये गळ्याखालच्या गाठीतून सुईनं पेशी काढून तपासल्याचं दिसतंय, त्यात लिम्फोमा लिहिलंय. लिम्फोमा म्हणजे अंगातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. कुत्र्या-मांजराच्या डोळ्यात दुसरीकडून येऊन बसणारे जे कॅन्सर आहेत त्यात हाच पहिल्या नंबरला. लिम्फोमा झालेल्या कुत्र्यांत साधारण तिघांतल्या एकाच्या डोळ्यात काही ना काही फरक सापडतो, त्यामुळं ब्रुनोचं काही जगावेगळं झालंय असं नाही.

डोळ्यात जातो कसा ते सांगतो. काळ्या बाहुलीभोवती जो रंगीत भाग असतो तो, आणि त्याच्या मागं डोळ्याला आतून अस्तर लावल्यासारखा जो थर असतो तो, हे सगळं बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे. रक्ताबरोबर फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी त्या जाळ्यात अडकतात आणि तिथंच वाढायला लागतात. मग डोळा सुजतो, लाल होतो, आतलं पाणी गढूळ होतं, कधी रक्त उतरतं, कधी मागचा पडदा सुटतो आणि कुत्रं एका रात्रीत आंधळं होतं. तुम्ही 'दुधासारखं' म्हणताय ते डोळ्याच्या आतल्या पाण्यात पेशी साचल्यामुळं असेल, नाहीतर डोळ्याचं प्रेशर वाढून समोरची काच सुजल्यामुळं असेल, दोन्हीत फरक करायला प्रेशर मोजावं लागतं, ते अजून झालेलं नाही, ते आधी करून घ्या.

आणि एक गोष्ट सगळ्याच वाचकांनी लक्षात ठेवा. धूळ गेली, बाभळीचा काटा लागला, मांजरानं ओरबाडलं तर बहुतेक वेळा एकच डोळा लाल होतो. दोन्ही डोळे एकदम लाल झाले की कारण रक्तातून आलंय का ही शंका घ्यायचीच.

आता ड्रॉपचं. बाटलीवर डेक्सामेथासोन लिहिलेलं दिसतंय, ते स्टेरॉईड. स्टेरॉईडनं सूज उतरते, लाली जाते, घरचे म्हणतात बरं झालं, आणि आतलं दुखणं तसंच वाढत राहतं. ड्रॉपपेक्षा गोळीचं आणि इंजेक्शनचं स्टेरॉईड जास्त घात करतं, लिम्फोमाच्या पेशी त्यानं काही दिवस मरतात सुद्धा, गाठी बारीक होतात, मग सुईत काही सापडत नाही आणि पुढं केमो द्यायची ठरवली तर आजार औषधाला पाहिजे तशी दाद देत नाही. म्हणून निदानाच्या आधी स्टेरॉईड नको. शिवाय डोळ्यावर जखम असताना स्टेरॉईडचा ड्रॉप गेला तर जखम खोल जाऊन डोळा फुटूही शकतो, त्यासाठी डॉक्टर आधी जखमेवर हिरवा दिसणाऱ्या रंगाचा थेंब टाकून जखम आहे का बघतात, मेडिकलच्या काउंटरवर हे कोण बघणार?

मी हे एवढं ठासून लिहितोय कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला येळ्ळूरचे एक काका सायकलच्या कॅरियरवर खोकं बांधून त्यात त्यांची कुत्री घेऊन यायचे, पांढरी, कानावर तपकिरी ठिपका. डोळे लाल होते, मी दोन आठवडे ड्रॉप दिले, दोनदा बदलून दिले. तिसऱ्यांदा टेबलावर ती मान फिरवताना तिला सावरायला म्हणून माझा हात जबड्याखाली गेला आणि बोटांना दोन गाठी लागल्या, आवळ्याएवढ्या, घट्ट, इकडून तिकडं सरकणाऱ्या. दाबल्या तरी ती कुरकुरली नाही. ह्या गाठी दुखत नाहीत म्हणूनच कुणाला कळत नाहीत. काकांना सांगताना मला शब्द सापडत नव्हते, त्या दोन आठवड्यांत काय काय करता आलं असतं ते मला माहीत होतं. तेव्हापासून लाल डोळ्याचा पेशंट आला की मी डोळ्याच्या आधी गळ्याखाली हात घालतो.

तुम्हीही घरी बघू शकता. जबड्याच्या कोपऱ्याखाली, खांद्याच्या पुढच्या बाजूला मानेच्या मुळाशी, आणि मागच्या पायात गुडघ्याच्या मागं. जबड्याखाली लाळेची गाठ पण असते, ती निरोगी कुत्र्यालाही लागते, त्यामुळं गुडघ्यामागची जास्त भरवशाची. तिथं चांगल्या कुत्र्यात शेंगदाण्याएवढं काहीतरी लागतं नाहीतर लागतच नाही. लिंबाएवढं लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन्ही बाजू एकदम चाचपायच्या, म्हणजे फरक कळतो. महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी करा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नावर येतो. डोळे काढून ब्रुनो वाचणार नाही, आजार अंगभर आहे, डोळ्यात तो फक्त दिसला. उपचार अंगाचा करायचा. चार औषधं मिळून केमो देतात, पाच-सहा महिने चालते, आणि ती घेणाऱ्या १० कुत्र्यांतल्या ८-९ जणांच्या गाठी उतरतात, बऱ्याच जणांचे डोळेही निवळतात. पण आजार मुळातून जातो असं समजू नका, तो दबतो, आणि सगळं धरून साधारण वर्षभराचं आयुष्य मिळतं, कुणाला कमी कुणाला जास्त. डोळ्यापर्यंत पोचलेला लिम्फोमा पुढच्या टप्प्यातला धरतात, तेव्हा तुम्ही थोडं कमीच धरून चाला. काहीच केलं नाही तर ४ ते ६ आठवडे. नुसती प्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टेरॉईडची, गोळी दिली तर एक-दोन महिने, पण ते महिने बऱ्यापैकी सुखाचे जातात, आणि ज्याला केमो परवडत नाही त्यानं तेवढं केलं तरी मी त्याला दोष देणार नाही. माणसाच्या केमोसारखे हाल होत नाहीत, जनावरांना डोस बेतानं देतात, उलटी-जुलाब होऊ शकतात पण बहुतेक कुत्री त्यातही शेपटी हलवत असतात, लॅबचे केस फारसे जात नाहीत, मिशा जातील. चौकशी करायची तर बेंगळुरूला हेब्बाळचं व्हेटर्नरी कॉलेज आहे, मुंबईला परळचं आहे, आपल्याच राज्यात बीदरलाही आहे. पण रात्रभर प्रवास करून जायच्या आधी फोन करून ती औषधं मिळतात का ते विचारा, बरेचदा तिकडच्या डॉक्टरांशी बोलून इथलेच डॉक्टर सलाईनमधून देऊ शकतात, आणि ब्रुनोला ते सोयीचं पडेल.

प्रश्न (गोकाक तालुका): साहेब, माझ्याकडं मुधोळ आहे, ३ वर्षांचा, सशामागं पळणारा गडी. चार दिवस झाले जेवत नाही आणि आज सकाळी एका डोळ्यात अर्ध्यापर्यंत रक्त भरलेलं दिसतंय, ग्लासात सरबत भरल्यासारखं. तुमचं वाचल्यापासून घरात सगळे कॅन्सर कॅन्सर करून रडायला लागलेत.

उत्तर: रडणं थांबवा आणि आजच रक्त तपासून घ्या. तीन वर्षांचा कुत्रा, आपला भाग, आणि तुम्हीच पुढं लिहिलंय की गेल्या महिन्यात अंगावर गोचीड होते, तर माझा पहिला संशय गोचीड तापावर, एर्लिकियावर. हा जंतू तपकिरी गोचिडातून येतो, रक्तातल्या प्लेटलेट पाडतो, डोळ्याच्या आत सूज आणतो, आणि मग रक्त उतरतं. प्लेटलेट कुत्र्यात साधारण २ ते ५ लाख पाहिजेत. स्मिअर, म्हणजे काचेवर रक्त पसरून मायक्रोस्कोपखाली बघणं, आणि कीटवरची टेस्ट बहुतेक शहरातल्या दवाखान्यात होते. पॉझिटिव्ह निघालं तर डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस, मधेच बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही, आणि डोळ्याचे ड्रॉप डॉक्टर ठरवतील ते. शेतात उंदराचं औषध ठेवलेलं असेल तर तेही सांगा, त्यानंही असंच रक्त सुटतं आणि त्याचा उपचार वेगळा आहे.

एवढं सगळं करून प्लेटलेट चांगल्या निघाल्या, डोळा निवळला नाही, तर मग डोळ्याची आणि पोटाची सोनोग्राफी. प्लीहेत हेमॅन्जिओसार्कोमा नावाचा रक्तवाहिन्यांचा कॅन्सर होतो, तो डोळ्यात जाऊन असंच रक्त काढू शकतो, पण तो म्हाताऱ्या आणि मोठ्या जातीच्या कुत्र्यांचा आजार. मी मागच्या अंकात जे लिहिलं त्याचा अर्थ प्रत्येक लाल डोळा कॅन्सर असा नाही. आपल्याकडं गोचीड ताप कितीतरी पटीनं जास्त, आणि तो वेळेत धरला तर बरा होतो.

प्रश्न (निपाणी): डॉक्टर, आमची मनी १२ वर्षांची. दीड महिन्यापासून पुढच्या पायानं लंगडते, एका बोटाचं नख वाकडं होऊन बोट सुजलंय, नखातली पू म्हणून दोनदा अँटिबायोटिक झालं. आता चार दिवसांपासून भिंतीला धडकते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या काळ्या झाल्यात. आमचे बाबा म्हणतात डोळ्यात फूल पडलंय, बैलाला पडलं की तंबाखूचा रस घालतात तसा थोडा घालूया. घालायचा का?

उत्तर: ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की तंबाखू अजिबात नको, ना मांजराला ना बैलाला. त्यानं डोळा भाजतो, आणि मांजर पंजा चाटून ती तंबाखू पोटात घेईल ते विष वेगळंच. आणि फूल हे डोळ्याच्या समोरच्या काचेवर पडतं, पांढरं दिसतं. तुमच्या मनीचा डोळा समोरून स्वच्छ आहे, काळोख मागच्या पडद्यावर आहे.

म्हाताऱ्या मांजराला अचानक दिसेनासं झालं की सगळ्यात आधी बीपी बघायचं. होय, मांजराचं बीपी मोजतात, लहान मुलाच्या पट्ट्यासारखा पट्टा पायाला नाहीतर शेपटीला लावून. वरचा आकडा १६० च्या पुढं असेल तर काळजीचं, १८० च्या पुढं डोळ्याचा पडदा सुटायला लागतो. किडनी कमजोर झालेल्या, थायरॉईड वाढलेल्या मांजरांत हे नेहमी दिसतं. अॅम्लोडिपिनच्या गोळीनं बीपी लवकर खाली आणलं तर थोडी नजर परत यायची आशा असते, म्हणून आज जा, रविवारची वाट बघू नका.

पण मला त्या बोटाची जास्त काळजी वाटायलीय. मांजरांत एक विचित्र आजार आहे, कॅन्सर असतो फुफ्फुसात आणि लंगडतं मांजर. फुफ्फुसातल्या गाठीच्या पेशी रक्तातून निघतात आणि पायाच्या बोटांत जाऊन बसतात, नखाच्या मुळाशी सूज, नख वाकडं, पू, सगळं अगदी इन्फेक्शनसारखं, आणि खोकला बऱ्याच मांजरांत नसतोच. ह्याच पेशी डोळ्याच्या मागच्या थरातही जातात. बोट आणि डोळा एकाच मांजरात, एकाच दोन महिन्यांत बिघडले की छातीचा एक्सरे न काढता पुढं जाऊ नये. बोटाचा एक्सरे त्याच फेरीत काढा, आणि बाकीच्या पायांची बोटं पण एकेक करून दाबून बघा, बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त बोटं सापडतात. छातीत गाठ दिसली तर मात्र बोट कापायला तयार होऊ नका, तिला दुखण्यावर दुखणं होईल आणि हाती काही लागणार नाही, मग राहतं ते दुखणं कमी ठेवणं, आणि वेळ बहुधा आठवड्यांत, फार तर थोड्या महिन्यांत मोजायचा.

दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, अर्धी पण नाही, पाव पण नाही. मांजराचं लिव्हर ते पचवू शकत नाही, एका गोळीत जीव जातो. मांजराला चालणारी दुखण्याची औषधं वेगळी आहेत, ती डॉक्टरकडून घ्या. आणि तोवर घरातलं सामान हलवू नका, जेवणाची ताटली, पाणी, वाळूचा डबा आहे तिथंच ठेवा, न दिसणारं मांजर मिशांवर आणि आठवणीवर घरभर फिरतं.

प्रश्न (चिकोडी): ४ महिन्यांचं पिल्लू आहे, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून लाल चेरीसारखी गाठ बाहेर आलीय. कॅन्सर आहे का? एक जण म्हणाले कापून टाका.

उत्तर: कॅन्सर नाही. ह्याला चेरी आयच म्हणतात, आतल्या तिसऱ्या पापणीची अश्रूंची गाठ जागेवरून सरकून वर आलेली असते. कापायची नाही, डोळ्याच्या पाण्याचा मोठा वाटा तीच करते, कापली तर पुढं जन्मभर डोळा कोरडा पडून रोज ड्रॉप घालत बसावं लागू शकतं. टाके घालून परत आत बसवतात, जमणाऱ्या सर्जनकडून करून घ्या.

प्रश्न (खानापूर): आमच्या गल्लीतली गावठी कुत्री आहे, सगळ्यांनी मिळून सांभाळलेली, राणी म्हणतो. दोन महिने झाले तिच्या लघवीच्या जागेतून रक्त ठिबकतंय, तिथं फुलकोबीसारखा मांसाचा गोळा आहे, आणि आता डोळ्याच्या कोपऱ्यात तसाच लालसर गोळा आलाय, डोळा अर्धा झाकला. लोक म्हणतात हिला सोडून या जंगलात, गल्लीला लागण होईल. काय करू?

उत्तर: सोडून येऊ नका. सगळ्या पत्रांत मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती तुमच्या राणीची.

ही बहुतेक टीव्हीटी आहे, कुत्र्यांचा संभोगातून पसरणारा कॅन्सर. हा कॅन्सर स्वतःच लागतो, म्हणजे एका कुत्र्याच्या गाठीतल्या जिवंत पेशी दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर रुजतात. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, ह्या गाठीच्या पेशीत ५७ ते ६४, म्हणजे ती राणीच्या अंगातली पेशीच नाही, हजारो वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी एका कुत्र्यापासून चालत आलेली आहे. हुंगताना, चाटताना ती नाकावर, तोंडात, डोळ्याच्या कडेला लागते. माणसाला लागत नाही, मांजराला नाही, गाई-म्हशीला नाही, हे गल्लीत सगळ्यांना सांगा, पत्र वाचून दाखवा पाहिजे तर.

आधी गोळ्यावर काच टेकवून पेशींचा ठसा घ्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा, तिथल्या तिथं कळतं. मग विन्क्रिस्टिन हे केमोचं औषध, आठवड्यातून एकदा शिरेतून, बहुतेकांना ४ ते ६ डोस लागतात, प्रत्येक डोसच्या आधी रक्त तपासून. दुसऱ्या-तिसऱ्या डोसला रक्त थांबतं, गोळा आवळत जातो, बघणाऱ्याला खरं वाटत नाही. औषध शिरेबाहेर गळलं तर कातडी जळते, त्यामुळं राणीला धरायला दोन माणसं, तोंडाला पट्टी, आणि घाईगडबड नाही. गोळा डोळ्याच्या कडेला, पापणीच्या आतल्या बाजूला असेल तर तोही ह्यानंच जातो. डोळ्याच्या बुब्बुळाच्या आत शिरला असेल, ते क्वचित होतं, तर मात्र औषध आत पुरेसं पोचत नाही आणि तो डोळा काढायची वेळ येऊ शकते, तेव्हा डॉक्टरांना दोन्ही शक्यता आधीच विचारा. गोळे गेले की तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या, आणि गल्लीतल्या कुत्र्यांचं पण, नाहीतर पुढच्या सीझनला परत हेच.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): घरात ३ वर्षांचं बाळ आहे आणि सुनेला पाचवा महिना. आमच्या कुत्र्याला लिम्फोमासाठी केमो सुरू होतेय. बाळाला काही होईल का?

उत्तर: मावशी, कॅन्सर कुत्र्याकडून माणसाला लागत नाही, बाळ त्याच्या गळ्यात पडलं तरी चालेल. सांभाळायचं ते औषध. डोसनंतर दोन-तीन दिवस त्याच्या लघवीत, शीत, उलटीत औषध उतरतं, ते हातमोजे घालून उचला, जागा भरपूर पाण्यानं धुवा, बाळाच्या खेळायच्या जागेपासून लांब फिरवा. सुनेनं तेवढे दिवस त्यातलं काही करू नये आणि केमोच्या गोळ्यांना हात लावू नये. गोळी कधीच तोडायची नाही, कुणीच.

प्रश्न (सदाशिवनगर, बेळगाव): केशरी बोक्याच्या एका डोळ्यात तपकिरी ठिपका आलाय, ५ वर्षांचा आहे, बाकी मस्त.

उत्तर: केशरी मांजरांत असे तीळ येतात, बरेचसे निरुपद्रवी. पण मांजराच्या डोळ्यात मेलानोमा नावाचा कॅन्सर नेमका असाच सुरू होतो, आणि तो तिथून बाहेर पडून लिव्हर-फुफ्फुसात जातो. दर महिन्याला एकाच खिडकीशी, एकाच वेळी फोटो काढून ठेवा. ठिपका पसरला, मखमलीसारखा उंच दिसला, नाहीतर बाहुलीचा आकार बिघडला तर फोटो घेऊन डोळ्याच्या डॉक्टरकडं. आत्ता एकदा दाखवून मात्र ठेवा.

प्रश्न (कडोली): डॉक्टर, आमची चंपी १० वर्षांची, पॉमेरियन. गेल्या वर्षी तिच्या आचळाची गाठ काढली, तपासायला पाठवलेली नव्हती, कुणी सांगितलंच नाही. आता उजवा डोळा मोठा होऊन निळसर झालाय, ती त्या बाजूला हात लावू देत नाही, दिवसभर पलंगाखाली असते. डॉक्टर म्हणतात छातीतही ठिपके दिसतात आणि डोळा काढूया. आमचे हे म्हणतात आता मरायच्या वाटेवरच्या जनावराचा डोळा कशाला काढायचा, तिला शांतपणे जाऊ दे. मला दोघांचंही पटतं आणि रात्री झोप लागत नाही.

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

निळसर आणि मोठा झालेला डोळा म्हणजे काचबिंदू, डोळ्याच्या आत गाठ वाढून पाणी निघायची वाट बंद झाली की प्रेशर चढतं. कुत्र्याच्या डोळ्याचं प्रेशर साधारण १० ते २५ च्या आत पाहिजे, तुमच्या रिपोर्टमध्ये ५२ आहे. एवढ्या प्रेशरचं दुखणं म्हणजे अर्धं डोकं ठणकत असतं, माणसं त्यात उलट्या करतात. कुत्री ओरडत नाही, ती पलंगाखाली जाते. ती शांत आहे असं तुमच्या ह्यांना वाटतंय, ती दुखण्यानं गप्प आहे.

म्हणून माझं मत असं. हा डोळा काढल्यानं कॅन्सर बरा होणार नाही, त्या डोळ्याची नजर आधीच गेलेली आहे. काढायचा तो ठणका थांबवायला. हिंडलग्याच्या एका कुत्रीचा असाच डोळा काढला होता, आदल्या आठवडाभर तिनं फक्त दूध चाटलेलं, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाईंच्या हातातली भाकरी तिनं ओढून घेतली, तोंडावर टाके, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं, आणि त्या नरसाळ्यात भाकरीचे तुकडे सांडत खात होती. पुढं ती अडीच महिने जगली, त्यातले दोन महिने दारात बसून. मी जिंकलो असं म्हणत नाही, पण ते दोन महिने तिचे होते.

पण हे तेव्हाच, जेव्हा बाकी अंग साथ देतंय. चंपीला आत्ता धाप लागते का, बसल्या जागी पोट भात्यासारखं हलतं का, हे बघा. छातीत ठिपके असून श्वास मोकळा असेल, रक्ताचे रिपोर्ट भूल झेलण्यासारखे असतील, तर डोळा काढा. धाप लागत असेल तर भूल तिला झेपणार नाही, मग प्रेशर उतरवायचे ड्रॉप आणि दुखण्याची औषधं, आणि तुमच्या ह्यांचं म्हणणं बरोबर. ते ठरवायला कालनिर्णयवर रोज रात्री खूण करत जा, आज जेवली का, दारापर्यंत आली का, तुम्हाला बघून शेपटी हलवली का. तीनातलं एकही नाही असे दिवस लागोपाठ यायला लागले की डॉक्टरना घरी बोलवा, आधी झोपेचं इंजेक्शन द्यायला सांगा, शेवटचं त्यानंतर.

गेल्या वर्षीच्या गाठीचं मनाला लावून घेऊ नका, ते सांगायचं काम तुमचं नव्हतं. बाकीच्यांसाठी लिहितो, कुठलीही गाठ काढली की ती फॉर्मालिनच्या बाटलीत घालून तपासायला पाठवा, स्वतः मागून पाठवा. कुत्रीच्या आचळाच्या गाठींतल्या साधारण निम्म्या कॅन्सरच्या असतात, मांजरीच्या तर १० तल्या ८-९. आणि तपासून कळलं असतं तर दर तीन महिन्यांनी छातीचा एक्सरे काढता आला असता. एक्सरेचंही सांगतो, ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ त्यात दिसत नाही, म्हणून एकदा स्वच्छ आला की काम झालं असं नाही. ज्यांच्याकडं लहान कुत्री आहे त्यांनी नसबंदीच्या ऑपरेशनचा विचार लवकर करा. १९६९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात ऑपरेशन न केलेल्या कुत्रीचा आचळाच्या कॅन्सरचा धोका १०० धरला तर पहिल्या माजाच्या आधी केलेलीचा ०.५, दुसऱ्या माजाच्या आधी केलेलीचा ८ आणि त्यानंतर केलेलीचा २६ निघाला होता. त्या आकड्यांवर पुढं वाद झालेत आणि मोठ्या जातींत लवकर ऑपरेशनचे हाडांवरचे तोटेही बघावे लागतात, पण चंपीसारख्या छोट्या जातीत मी अजूनही पहिल्या माजाच्या आधीच करा म्हणतो.

डोळा काढायचं ठरलं तर काढलेला डोळाही तपासायला पाठवा, ह्या वेळी विसरू देऊ नका, रिपोर्ट आला की मला फोटो पाठवा, मराठीत सगळं समजावून सांगतो. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात, केस वाढले की जागा कळत पण नाही. दवाखान्यात नेताना तिची रोजची गोधडी बरोबर घ्या, न धुतलेली, आणि भुलीतून उठताना तिच्या डाव्या बाजूला बसा, तिकडून तुम्ही तिला दिसाल.